आपण कोण?

माणसाने आयुष्यात किती वेळा आपली ओळख पटवून द्यावी याला काही सुमार असावा, असे माझे नम्र मत आहे. (नम्र हा शब्द रिवाज म्हणून. मत चांगलेच तिखट आहे.) आपल्याकडे बाराव्या दिवशी आत्या बाळाच्या कानात नाव सांगते, आणि तेवढे एकदाचे सांगणे त्या बाळाला, आत्याला आणि सगळ्या गोतावळ्याला जन्मभर पुरते. आम्ही १९७९ साली मुलुंडला राहायला आलो तेव्हा कोपऱ्यावरच्या वाण्याने पहिल्या दिवशी विचारले होते, "कुठल्या बिल्डिंगमधले, साहेब?" त्यानंतर त्याने पुन्हा कधी विचारले नाही. तो वारला, मुलगा गल्ल्यावर बसला, तोही विचारीत नाही. मी लांबून दिसलो की अर्धा किलो पोहे बांधायला घेतो. इस्त्रीवाल्याला माझे सदरे ओळखू येतात. पेपरवाल्याने गेल्या वीस वर्षांत माझे तोंड पाहिलेले नाही, तरी पेपर बरोबर माझ्याच दारात पडतो.

या सगळ्या ओळखीच्या जगात मला न ओळखणारी एकच वस्तू आहे, आणि ती माझ्याच घरात, माझ्याच टेबलावर, माझीच वीज खात बसलेली असते. सकाळी चहा घेऊन मी कॉम्प्युटरसमोर बसलो की तो ब्राउझर नावाची खिडकी उघडतो आणि विचारतो, आपण कोण? काल संध्याकाळी सात वाजेपर्यंत आम्ही दोघे एकत्र बसलो होतो. रात्रीत मी दाढीसुद्धा वाढवलेली नाही. तरी, आपण कोण? नाव टाका, पासवर्ड टाका. टपाल बघायचे, टाका. विजेचे बिल बघायचे, टाका. गॅस, फोन, पेन्शन, म्युनिसिपालिटीचा कर, प्रत्येक दारात तोच चौकोन आणि त्यात ती लुकलुकणारी उभी रेघ. एका मंगळवारी मी चिकाटीने मोजले. दुपारच्या जेवणापर्यंत अकरा वेळा मी कोण हे सांगून झाले होते. साधुसंतांना हा प्रश्न जन्मात एकदा पडला तर त्यांचा उद्धार होतो. मला रोज अकरा वेळा पडूनही फक्त विजेचे बिल दिसते.

आणि नुसते नाव-पासवर्ड सांगून भागते असे नाही. मग वेडीवाकडी अक्षरे वाचायची. मग नऊ चित्रांपैकी कोणकोणत्या चित्रांत वाहतुकीचे दिवे आहेत ते ओळखायचे. (दिव्याचा खांब हा दिवा धरायचा की नाही, यावर आमच्या घरात मतभेद आहेत.) मी माणूस आहे, यंत्र नाही, हे मी एका यंत्राला पटवून द्यायचे असते. या परीक्षेला 'कॅप्चा' हे नाव अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या मंडळींनी दिले. पुढे २००७ नंतर त्यांच्यातल्याच हुशार माणसांनी असे केले की लोक जी वाकडी अक्षरे वाचून टाइप करतात ती जुन्या पुस्तकांतली आणि न्यूयॉर्क टाइम्सच्या जुन्या अंकांतली, यंत्राला न वाचता आलेली अक्षरे असावीत. म्हणजे कोण जाणे, ज्या दिवसांत मी इथे मुलुंडला बिल भरण्याच्या आशेने डोळे फाडून बसत होतो, त्या दिवसांत मी न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्राची प्रुफे बिनपगारी तपासत असेन.

हे सगळे पार पडले की फोनवर सहा आकडे येतात. फोन आतल्या खोलीत चार्जिंगला असतो. मी गुडघे सावरीत जाऊन, चष्मा बदलून, आकडे पुटपुटत परत येईपर्यंत पडद्यावर पाटी, 'आपली वेळ संपली आहे. कृपया पुन्हा प्रवेश करा.' चिमणीच्या दारात भिजत उभा राहिलेला तो गोष्टीतला कावळा आठवतो. पण चिमणीला निदान कारण होते. आत बाळाचे न्हाणेमाखणे चालले होते. इथे आत कोणाचे काय चालले आहे ते कळायला मार्ग नाही. रायगडावर हिरकणीची गोष्ट सांगतात, की सांज झाली, गडाचे दरवाजे मिटले, आणि घरी तान्हे बाळ असलेली ती गवळण कडा उतरून गेली. वेळ संपली म्हणून दार मिटण्याचा नियम तेव्हाही होता. फरक एवढाच, की गडाचा दरवाजा दिवसातून एकदा मिटायचा. आमच्या एका खात्याचा दर पाच मिनिटांनी मिटतो, आणि कडा उतरण्याइतके आमचे गुडघे राहिलेले नाहीत.

माझा एक भाचा ऐरोलीला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. रविवारी तो जेवायला आला तेव्हा मी त्याला विचारले, "अरे, हा दरवेळी विसरतो कसा?"

"मामा, तो विसरत नाही. त्याला मुळात आठवणच नसते," भाचा म्हणाला, आणि पुरणपोळी संपेपर्यंत त्याने मला जे समजावले ते मी माझ्या भाषेत सांगतो.

इंटरनेटची पाने ज्या पद्धतीने मागवली आणि पाठवली जातात, ती पद्धत जात्याच गजनीसारखी आहे. तुम्ही एक पान मागितले, त्याने दिले, व्यवहार संपला. पुढचे पान मागायला गेलात की त्याच्या लेखी तुम्ही नवे गिऱ्हाईक. यावर तोड काढली ती १९९४ साली नेटस्केप कंपनीतल्या लू मॉन्तुली नावाच्या तरुणाने. त्याने असे ठरवले की पहिल्या भेटीत दुकानदाराने गिऱ्हाइकाच्या हातात एक चिठ्ठी द्यावी, आणि पुढच्या वेळी गिऱ्हाइकाने आत शिरताना ती दाखवावी. या चिठ्ठीला 'कुकी' म्हणतात. नाव खाऊचे असले तरी वस्तू मुंबईकराच्या चांगल्या परिचयाची आहे. ती म्हणजे रेल्वेचा पास.

मी मुलुंड ते अंधेरी, व्हाया दादर, अशी एकतीस वर्षे नोकरी केली. तीन महिन्यांनी एकदा खिडकीवर उभे राहायचे, ओळखपत्र दाखवायचे, पैसे मोजायचे, पास घ्यायचा. त्यापुढे दादरच्या पुलावर टीसीने "पास?" म्हटले की खिशातून अर्धा बाहेर काढून दाखवायचा. तोही मान हलवायचा, मीही हलवायचो. एकतीस वर्षांत एकाही टीसीने मला माझ्या आईचे माहेरचे आडनाव विचारले नाही. रोज लाखो माणसे ज्या पुलावरून जातात तिथे जर प्रत्येकाला पुन्हा नावगाव विचारायचे ठरवले असते, तर माझी पहिल्या दिवसाची हजेरी अजून लागायची होती.

तेव्हा ब्राउझर रोज नव्याने विचारतो याचा अर्थ इतकाच, की रोज कोणीतरी तुमचा पास फाडून टाकते आहे. हे कोण करते ते शोधले की निम्मी कटकट संपते. आमच्याकडे तो गुन्हेगार भाच्याने पाच मिनिटांत पकडला. कॉम्प्युटर साफ करून देतो म्हणून एक कारागीर गेल्या दिवाळीत येऊन गेला होता. त्याने 'सफाई' करणारा एक प्रोग्रॅम घालून ठेवला होता, आणि तो दर रात्री कचऱ्याबरोबर कुकी झाडून नेत होता. वर ब्राउझरच्या सेटिंगमध्ये 'बंद करताना सगळ्या कुकी पुसा' या ओळीपुढेही टिचकी मारून ठेवलेली. कामवाली बाई रोज केर काढताना कपाटातले रेशनकार्डही बाहेर फेकते आहे आणि आपण मात्र रेशनिंगच्या दुकानदाराला शिव्या देतो आहोत, असा तो प्रकार.

दुसरे म्हणजे घड्याळ. पासावर मुदत असते तशी कुकीवरही असते, आणि मुदत संपली की नाही हे ब्राउझर घरच्या कॉम्प्युटरचे घड्याळ पाहून ठरवतो. जुन्या कॉम्प्युटरच्या पोटात नाण्याएवढी एक बॅटरी असते. ती संपली की घड्याळ भलत्याच सालात जाऊन बसते. आमच्या शेजाऱ्यांचा कॉम्प्युटर रोज सकाळी मागच्या दशकात उठत असे. नवी बॅटरी घातल्यावर तो या दशकात आला आणि निम्मे प्रश्न विचारायचा थांबला. गुप्त खिडकी नावाचाही एक प्रकार असतो. ती बंद केली की आतले सगळे विसरायचे हाच तिचा धर्म, तेव्हा तिच्यात रोजचे टपाल उघडू नये. आणि पासवर्ड लक्षात ठेवू का असे ब्राउझर स्वतःहून विचारतो तेव्हा, कॉम्प्युटर आपलाच असेल आणि त्याला कुलूप असेल, तर खुशाल हो म्हणावे. सायबर कॅफेत किंवा ऑफिसच्या सामाईक यंत्रावर मात्र कदापि म्हणू नये. दादरच्या पुलावर पास विसरून येण्यासारखे आहे ते.

इथवर सगळे ठीक. अकरावरून माझा आकडा चारावर आला. पण उरलेले चार हे खरे निगरगट्ट, आणि माझे भांडण त्यांच्याशी आहे. कारण हे विसरत नाहीत. हे मुद्दाम विसरतात.

यांना विचारले की उत्तर ठरलेले. "सर, आपल्याच सुरक्षेसाठी." हे शब्द ऐकले की मला आमच्या सोसायटीतला एक जुना वॉचमन आठवतो. तो येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला वहीत नाव लिहायला लावायचा. चेअरमनला, दूधवाल्याला, शाळेतून येणाऱ्या पोरांना. वही भरली की नवी यायची. एका दुपारी दोन इसम आले, त्यांनी वहीत व्यवस्थित नावे लिहिली, आणि दुसऱ्या मजल्यावरचा एक टीव्ही घेऊन गेले. जाताना सहीसुद्धा केली. सगळ्यांना सारखेच विचारणाऱ्याला अनोळखी माणूस वेगळा दिसतच नाही. वॉचमनचे काम ओळखीच्याला सोडणे आणि अनोळखी दिसला की उठून उभे राहणे हे आहे. वही हे त्याचे काम नव्हे.

बरे, पासवर्डचे नियम. एक मोठे अक्षर हवे, एक लहान हवे, एक आकडा, एक चिन्ह, आणि दर तीन महिन्यांनी सगळे नवे. आता मोठे अक्षर ही गोष्टच आपल्या लिपीत नाही. ज्ञानेश्वरांचा 'ज्ञ' आणि ज्ञानू शिंप्याचा 'ज्ञ' आपण एकाच मापाने काढतो. पण नियम म्हणजे नियम. परिणाम असा, की निम्म्या महाराष्ट्राचा पासवर्ड गणपतीचे नाव, पुढे ते ॲटचे वेटोळे आणि मग एक-दोन-तीन असा असावा अशी माझी अटकळ आहे. तीन महिन्यांनी तो एक-दोन-तीन-चार होतो. हे नियम आले कुठून? अमेरिकेत सरकारी मानके ठरवणारी निस्ट नावाची संस्था आहे. तिथल्या बिल बर या गृहस्थांनी २००३ साली ते लिहून काढले आणि जगाने ते वेदवाक्य मानले. २०१७ साली, निवृत्त झाल्यावर, त्याच गृहस्थांनी एका वर्तमानपत्राला सांगितले की आपल्याला त्याचा पस्तावा होतो. त्याच वर्षी निस्टनेही नवे नियम काढले. उगीच ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका, चिन्हांची सक्ती नको, लांबी महत्त्वाची, आणि लोकांना पासवर्ड साठवून तो चिकटवू द्या. या गोष्टीला बरीच वर्षे झाली. ज्याने नियम केला त्याने मागे घेतला, आणि आमच्या इथे तो अजून भिंतीवर टांगलेला.

मुळात कॉम्प्युटरला पासवर्ड लावला तो फर्नांदो कॉर्बातो यांनी, अमेरिकेतल्या एमआयटीत, १९६० च्या दशकाच्या अगदी सुरुवातीला. एकच अवाढव्य यंत्र, वापरणारे अनेक, तेव्हा ज्याचे कागद त्याला राहावेत हा साधा हेतू. तर १९६२ साली ॲलन शेर या तिथल्याच विद्यार्थ्याने सगळ्या पासवर्डांची यादीच यंत्राकडून छापून घेतली. का? तर त्याला आठवड्याला चारच तास यंत्र मिळे आणि ते पुरत नसे. पासवर्डची पहिली चोरी जास्त अभ्यास करायला मिळावा म्हणून झाली हे वाचून मला गहिवरून आले. सांगायचे हे, की हे कुलूप जन्मल्यापासून वर्षभरातच उघडलेले आहे. आणि कॉर्बातोंनीही म्हातारपणी कबूल केले होते की एवढे पासवर्ड सांभाळणे ही आता आफत होऊन बसली आहे.

पासवर्ड विसरलात तर गुप्त प्रश्न. आईचे माहेरचे आडनाव काय? हे कोणा साहेबाच्या देशात गुपित असेल. आपल्याकडे लग्नाच्या स्थळाच्या कागदावर 'मामेकुळ' असा स्वतंत्र रकाना असतो, आणि तो कागद विवाह मंडळात पन्नास घरी फिरतो. पहिल्या भेटीत चहा यायच्या आत कोणतीही मावशी हे गुपित काढून घेते. पाळीव प्राण्याचे नाव? आमच्या लहानपणी चाळीत एक मांजर होते. ते बावीस बिऱ्हाडांचे होते आणि त्याला बावीस नावे होती.

हा सगळा विनोद असता तर मी कागद काळे केले नसते. आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक बाई आहेत. शाळेत शिक्षिका होत्या, म्हणून वयाची ऐंशी उलटली तरी सगळे 'बाई'च म्हणतात. यजमान होते तोवर बँकेचे सगळे तेच बघत. ते गेल्यावर बाईंनी जिद्दीने फोनवर खाते पाहायला शिकून घेतले. आयुष्यभर दुसऱ्याच्या पोरांच्या वह्या तपासल्या, स्वतःच्या पेन्शनचा आकडा स्वतः तपासावा एवढीच हौस. पण फोन दर वेळी विचारणार, वेळ संपवणार, तीनदा चुकले की खाते दिवसभर बंद करणार. शेवटी बाईंनी हार मानली. आता त्या फोन ज्याच्या त्याच्या हातात देतात. जिन्यात मी भेटलो तर मला, "भाऊ, जरा बघता का हे काय मागतंय?" मी नसलो तर वाण्याच्या पोऱ्याला. एकदा कुरिअरवाल्याला. पासवर्ड फोनच्या कव्हरमध्येच, सुवाच्य अक्षरात, चिठ्ठीवर. खाली रेघसुद्धा मारलेली.

आता मला सांगा, ही सुरक्षा कोणाची झाली? हे कुलूप लावले नसते तर बाईंनी किल्ली कुरिअरवाल्याला दिली नसती. शिवाय रोज दहा वेळा आकडे सांगायची सवय झालेल्या माणसाला अकराव्या वेळी फोनवरचा भामटा गोड आवाजात आकडे विचारतो, तेव्हा हात सवयीने चालतो. लांडगा आला, लांडगा आला म्हणून रोज ओरडणाऱ्या पोराची गोष्ट आपण पहिलीत शिकलो. बँका ती विसरल्या. मग चोरी झाली की फोन करायला सरकारने १९३० हा क्रमांक दिलेला आहे. बाईंना वाटले, ते साल आहे.

मी ओळख विचारण्याच्या विरुद्ध नाही. पैसे पाठवताना विचारा. नव्या माणसाला पहिल्यांदा पाठवताना तर बसवून घेऊन विचारा. कार्डावरून इंटरनेटवर खरेदी करताना दुसरी खूण मागायची सक्ती रिझर्व्ह बँकेने २००९ साली केली, ती चांगलीच केली. पण नुसती शिल्लक पाहायला आलेल्या ऐंशी वर्षांच्या बाईला दर पाच मिनिटांनी दाराबाहेर काढणे हे पहारा नव्हे. काही बिघडले तर आमच्याकडून विचारले होते, एवढे कागदावर दाखवायची ती सोय आहे. वॉचमनची वही. खर्च बँकेचा वाचतो आणि वेळ बाईंचा जातो. काही ठिकाणी तर ब्राउझरने जपून ठेवलेला पासवर्ड त्या चौकोनात उतरूच देत नाहीत, हाताने टाइप करा म्हणतात. म्हणजे जो माणूस नीट लांबलचक पासवर्ड ठेवील त्याला शिक्षा, आणि गणपती-एक-दोन-तीनवाल्याला बक्षीस.

आणि आता तर सबबही उरलेली नाही. २०२२ पासून ॲपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट या तिघांनी, एरवी एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या कंपन्यांनी, पासकी नावाची एक सामाईक पद्धत उचलून धरली आहे. तिच्यात पासवर्डच नाही. खरी किल्ली फोनच्या पोटात, आणि ती तुमच्या बोटाने किंवा चेहऱ्याने फिरते. भामट्याला सांगायला तुमच्याकडे काही आकडेच नसतात. रिझर्व्ह बँकेनेही सप्टेंबर २०२५ मध्ये नवे नियम काढून १ एप्रिल २०२६ ही तारीख घातली. दोन खुणा हव्यातच, पण दुसरी खूण म्हणजे मेसेजमधले आकडेच असले पाहिजेत असे नाही, आणि व्यवहार संशयास्पद दिसला तर तिथे जास्त चौकशी करा. म्हणजे वही मिटा आणि मान वर करून माणूस बघा. आता बँकांनी बघायचे आहे.

बाईंच्या फोनवर भाच्याने बोटाचा ठसा घालून पाहिला. तो उमटेना. चाळीस वर्षे खडू आणि त्याहून जास्त वर्षे भांडी, बोटांवर रेघा राहिल्याच नव्हत्या. मग त्याने चेहरा घातला. फोनने बाईंना पहिल्या नजरेत ओळखले. कव्हरातली चिठ्ठी बाईंनी फाडून टाकली. आता त्या फोन उघडण्यापूर्वी न चुकता केस सारखे करतात आणि चष्मा पुसतात. फोन लगेच उघडतो. बँक मात्र आत गेल्यावर अजून विचारते, आपण कोण?